समेवर मान हलते का? ग्रूव्ह मेटल, स्वतंत्र बँड आणि त्यांच्या वाट्याची समीक्षा

दमदार रिफ, घट्ट ड्रमिंग, पँटेराचा ठळक प्रभाव, ध्वनिमुद्रण बरं, पुढच्या अल्बमकडून अपेक्षा, पाचपैकी तीन तारे. ग्रूव्ह मेटल म्हणजे हेवी मेटलचा लय खाली उतरवलेला, झुलता प्रकार. तो स्वतःच्या बळावर वाजवणाऱ्या भारतीय बँडच्या पहिल्या अल्बमवर जे परीक्षण येतं, ते बहुतेकदा याच वळणाचं असतं. बँड म्हापशाचा असो, पुण्याचा असो की शिलाँगचा, शब्द फारसे बदलत नाहीत. ज्याने हे संगीत कधी ऐकलेलं नाही त्याला यातून काही उमगत नाही. आणि ज्या मुलांनी पदरचे पैसे घालून, रात्री जागून तो अल्बम केला, त्यांनाही आपलं काय जमलं आणि काय हुकलं ते कळत नाही.

गोव्यातल्या मराठी घरांतही अशी मुलं आहेत. फोंडा, डिचोली, पेडणे या भागांत आजोबा देवळातल्या भजनाला पखवाज वाजवतात आणि नातू माडीवर इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसलेला असतो. घरच्यांना तो नुसता आरडाओरडा वाटतो. माझं म्हणणं असं आहे की ग्रूव्ह मेटल हे आधी लयीचं संगीत आहे, मोठ्या आवाजाचं नंतर. म्हणून भजनात किंवा नाट्यपदात सम कुठे येते हे ज्यांच्या कानाला आपसूक कळतं, ते गोव्यातले श्रोते या संगीताची पारख पुष्कळ सराईत समीक्षकांपेक्षा नीट करू शकतात. त्यासाठी काही गोष्टी माहीत हव्यात, त्या इथे सांगतो.

सुरुवात घराण्यापासून करू. हेवी मेटलचा उगम बहुतेक जण १९७० साली आलेल्या ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमपाशी मानतात. हा बँड इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. १९८० च्या दशकात अमेरिकेत त्या परंपरेतून थ्रॅश मेटल निघालं. मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स ही त्यातली मोठी नावं. थ्रॅशचा प्राण म्हणजे वेग, मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके. दशक संपेपर्यंत ही चढाओढ अशा टोकाला गेली की आणखी वेग वाढवला तर स्वर एकमेकांत मिसळून जावेत. तेव्हा काही बँडनी गिटारचा तो रांगडा, खरखरीत आवाज तसाच ठेवला आणि लय खाली उतरवली, शंभर-सव्वाशे ठोक्यांवर आणली. न्यूयॉर्कचा प्राँग, टेक्ससचा पँटेरा, न्यू ऑर्लिन्सचा एक्सहॉर्डर. १९९० या एकाच वर्षात प्राँगचा 'बेग टू डिफर', पँटेराचा 'काउबॉइज फ्रॉम हेल' आणि एक्सहॉर्डरचा 'स्लॉटर इन द व्हॅटिकन' हे अल्बम आले. पुढे ज्याला ग्रूव्ह मेटल म्हटलं गेलं त्याची पायाभरणी या काळातली.

लय खाली आली की दोन ठोक्यांच्या मधे जागा तयार होते. या जागेचं काय करायचं, हाच ग्रूव्ह मेटलचा सगळा विचार आहे.

गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वररचनेला रिफ म्हणतात, गाणं तिच्यावरच उभं असतं. ग्रूव्ह मेटलमधला गिटारवादक उजव्या तळव्याची कड तारांवर हलकी टेकवून वाजवतो. त्यामुळे स्वर लांबत नाही, ठुक् करून तिथेच थांबतो. वर्षानुवर्षं हे वाजवणारी मुलं त्याला 'चग' म्हणतात. बऱ्याचदा सगळ्यात जाड तार एक पूर्ण स्वर खाली, 'ई'वरून 'डी'वर उतरवलेली असते. याचा फायदा दुहेरी आहे. आवाज जड होतो, शिवाय तीन जाड तारा एकाच बोटाने दाबून सुरावट झपाट्याने वर-खाली सरकवता येते. पण हे झालं तंत्र. कान द्यायचा तो त्या तुटक ठोक्यांमधल्या शांततेकडे. चांगला रिफ जिथे ठोका अपेक्षित असतो तिथे थांबतो, अर्धी मात्रा उशिरा येतो, आणि मग समेवर असा आदळतो की ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. बँड जर प्रत्येक मात्रा भरून टाकत असेल, तर वाद्यं कितीही महागडी असली तरी ग्रूव्ह नाही.

पँटेराच्या १९९२ सालच्या 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर' या अल्बममधलं 'वॉक' हे गाणं हे शिकायला सगळ्यात सोपं. त्यात प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात, म्हणून मधेच दादऱ्याच्या अंगाची झुलण जाणवते. रिफमध्ये स्वर मोजकेच आहेत. नुकती गिटार हाती घेतलेला मुलगाही ते चार दिवसांत वाजवू शकेल. पण ती झुलण सांभाळून, सरळ चौकोनी न होऊ देता वाजवणं फार थोड्यांना जमतं. सोपं वाजवणं आणि सोपं वाटेल असं वाजवणं, यांतलं अंतर भजनी मंडळींना वेगळं सांगायला नको.

ड्रमरचं काम त्याहून अवघड. मेटलमध्ये जमिनीवरचा मोठा बेस ड्रम दोन्ही पायांनी, जोड पेडलवर वाजवतात. पाय झपाट्याने चालतात, पण हाताने वाजवायचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, मात्र संथ, ठरल्या जागी पडतो. शिगम्यातलं रोमट, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, आठवा. ताशा कडकडत असतो, काड्या मोजता येत नाहीत इतक्या भराभर पडतात, तरी माणसांची पावलं पडतात ती ढोलाच्या जड ठोक्यावर. ग्रूव्ह मेटलमध्ये ताशाचं काम पायांकडे गेलेलं असतं आणि ढोलाचं स्नेअरकडे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा कान पायांच्या गडगडाटात अडकतो आणि त्याला सगळं फार वेगवान वाटतं. स्नेअर पकडला की तेच गाणं एकदम सावकाश चालताना ऐकू येतं. गोव्याच्या खाप्रूमामा पर्वतकरांना लयभास्कर म्हणत. दोन हात, दोन पाय आणि तोंड यांनी वेगवेगळे ताल धरून सगळे एका समेवर आणण्याची त्यांची हातोटी आजही जाणकार सांगतात. मेटल ड्रमर त्या तोडीचा असतो असा माझा दावा नाही. पण चार अवयवांनी चार वेगळी कामं करायची आणि समेला एकत्र यायचं, हा प्रश्न दोघांपुढे सारखाच आहे, आणि तो समजून घेण्याची तयारी आपल्या मातीत आधीपासून आहे.

गायनाबद्दल थोडक्यात. तो घोगरा, ओरडा आवाज घसा फाडून काढलेला नसतो. पोटातून श्वासाचा आधार देऊन घशाची ठेवण बदलायची, हे तंत्र शिकावं लागतं. नीट न शिकता केलं तर गळा जातो. ग्रूव्ह मेटलमध्ये शब्द बऱ्यापैकी कळतात आणि ते रिफच्या ठोक्यांवर बसवलेले असतात. म्हणजे गायक इथे जवळजवळ तालवाद्याचं काम करतो. त्यात सूर शोधायला गेलं की निराशा पदरी पडते.

आता समीक्षेकडे वळू. या संगीताच्या वाट्याला दोन आक्षेप पहिल्यापासून आले. एक, हे साधं आहे. दोन, हे सगळं पँटेराची नक्कल आहे.

पहिला आक्षेप वेगाची फूटपट्टी लावल्यामुळे येतो. थ्रॅशच्या चाहत्यांना लय उतरवणं म्हणजे माघार वाटली. ज्यांना गुंतागुंतीची रचना आवडते त्यांना एकच रिफ चार मिनिटं चालवणं आळशीपणाचं वाटलं. पण विलंबित ख्याल द्रुत नाही म्हणून कुणी त्याला कमी लेखत नाही. त्या फूटपट्टीने मोजायचंच नसतं.

दुसरा आक्षेप जास्त गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा इतिहास बघण्यासारखा आहे. पँटेरा स्वतः सुरुवातीला स्वतंत्र बँड होता. ड्रमर व्हिनी पॉल आणि गिटारवादक डाइमबॅग डॅरेल हे दोघे भाऊ. त्यांचे वडील टेक्ससमध्ये ध्वनिमुद्रणाचं काम करत, कंट्री संगीताच्या जगातले. १९८३ ते १९८८ या काळात बँडने स्वतःच्या 'मेटल मॅजिक' या छोट्या लेबलवर, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीतर्फे, चार अल्बम काढले. ते चमकदार कपड्यांच्या, त्या वेळी चलनात असलेल्या ग्लॅम धाटणीचे होते आणि आज त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. म्हणजे पुढे ज्यांची नक्कल केल्याचा आरोप साऱ्या जगावर झाला, ते स्वतः कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या सावलीत वाजवत होते. १९९० नंतर चित्र पालटलं, आणि मार्च १९९४ मध्ये आलेला 'फार बियाँड ड्रिव्हन' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला. इतक्या कर्कश संगीतासाठी ही अजब घटना होती.

आणि तरीही खुद्द पँटेरावर आरोप झालाच की त्यांनी ही शैली एक्सहॉर्डरकडून उचलली. हा वाद मेटल ऐकणाऱ्यांत आजही पेटतो. मला तो दोन्ही अल्बम शेजारी ठेवून ऐकल्यावरच सुटणारा वाटतो. एक्सहॉर्डरमध्ये जड, झुलता भाग थ्रॅशच्या वेगात मधूनमधून येतो. पँटेराने तोच भाग पूर्ण गाण्याचा पाया केला. बीज आधी कुणाकडे होतं आणि त्याचं झाड कुणी केलं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. १९९४ साली कॅलिफोर्नियाचा मशीन हेड 'बर्न माय आइज' घेऊन आला, २००४ साली व्हर्जिनियाचा लँब ऑफ गॉड 'अ‍ॅशेस ऑफ द वेक' घेऊन आला, तेव्हा त्यांनाही त्याच मापाने मोजलं गेलं. लँब ऑफ गॉडचा त्या वेळचा ड्रमर ख्रिस अ‍ॅडलर ज्या बारकाईने पायांचं काम करतो ते पँटेरात कुठेच नाही. पण 'पँटेरासारखं' हा शब्द एकदा वापरला की पुढचं ऐकण्याची गरज उरत नाही. म्हणून परीक्षणात हा शब्द दिसला की लेखकाला विचारावं: कुठल्या बाबतीत? लयीत, गिटारच्या आवाजात, की नुसत्या रागाच्या अभिनयात?

गोव्यातल्या माणसाला ब्राझीलच्या सेपुल्तुराची कहाणी जास्त जवळची वाटावी. बेलो होरिझोंचे शहरातली ही पोर्तुगीज बोलणारी मुलं. पोर्तुगीज साम्राज्याचा तो पश्चिमेकडचा किनारा, आपला पूर्वेकडचा. सुरुवातीला ते वेगवान थ्रॅश वाजवत. १९९३ च्या 'केऑस ए.डी.' मध्ये त्यांनी लय उतरवली आणि १९९६ च्या 'रूट्स'साठी शाव्हांते या आदिवासी समाजाकडे जाऊन त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केलं. बाहिया प्रांतातला तालवादक कार्लिन्योस ब्राऊन त्यात सामील झाला. जुने चाहते चिडले, वेग गेला म्हणाले. कित्येक समीक्षकांनी मात्र त्याला मैलाचा दगड मानलं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की तिथली ब्राझिली तालवाद्यं वरून लावलेली झालर नाहीत. ती काढली तर गाणं कोसळतं.

याच्या यशातून एक नवीच अपेक्षा जन्माला आली, ती आता भारतीय बँडना जाचते. परदेशी समीक्षक भारतातला अल्बम उघडतो तेव्हा त्यात भारत शोधतो. दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल आणि बासरी घेऊन २०२२ मध्ये 'रक्षक' काढला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. त्यांचा ढोल रिफच्या पोटात शिरून वाजतो, म्हणून तो टिकतो. केरळच्या द डाउन ट्रॉडन्सने आपल्या भागातलं लोकसंगीत घेतलं. ते काम मनापासूनचं आहे. पण मुंबईचा झिग्नेमा किंवा सिस्टमहाऊस३३ यांनी असं काही न घेता सरळ ग्रूव्ह मेटल वाजवलं, तर ते कमी भारतीय ठरत नाहीत. गोव्यात २०१९ साली घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा मिळाला, तेव्हापासून कुठलाही नवा प्रयोग म्हटला की घुमट हवंच असं वाटू लागलं आहे. घुमटाचा दम मातीच्या मडक्यात घुमणाऱ्या हवेचा, मऊ आणि खोल. जोड पेडलच्या गडगडाटात तो पार बुडतो. त्याला जागा द्यायची तर गाण्याची मांडणीच त्याच्यासाठी करावी लागेल. ज्या बँडला ते करायचं आहे त्याने जरूर करावं. गोव्याचे आहोत हे दाखवण्यापुरतं शेवटच्या मिनिटाला घुमट आणणाऱ्या गाण्याचं कौतुक समीक्षकाने करू नये, एवढंच.

स्वतंत्र बँड म्हणजे काय तेही स्पष्ट करू. मागे लेबल नाही, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा खर्च, मुखपृष्ठ, प्रसिद्धी, प्रवास सगळं स्वतःचं. त्या बदल्यात गाण्यांचे हक्क स्वतःकडे राहतात. गोव्याला हे नवं नाही. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' घरीच ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेटी स्वतः स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. आज स्कूटरची जागा बँडकँपसारख्या, इंटरनेटवर संगीत विकणाऱ्या सेवांनी घेतली आहे. ती सेवा डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेते आणि उरलेला पैसा, व्यवहाराचं शुल्क वजा जाता, बँडकडे येतो. स्ट्रीमिंगमधून त्या मानाने काहीच हाती लागत नाही, म्हणून टी-शर्ट विकावे लागतात.

या आर्थिक ओढाताणीचा थेट परिणाम आवाजावर होतो, आणि समीक्षेत नेमकं हेच सांगितलं जात नाही. ड्रम नीट ध्वनिमुद्रित करायचे तर मोठी खोली, भरपूर माइक आणि जाणकार ध्वनितंत्रज्ञ लागतो. ते परवडत नाही, म्हणून पुष्कळ बँड ड्रम संगणकावर बसवतात. कधी ड्रमर खरा वाजवतो, पण नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठोका आखून दिलेल्या रेषेवर सरकवला जातो. मिनिटाचे काटेकोर समान भाग आणि प्रत्येक ठोका बरोबर रेषेवर. ऐकताना सुरुवातीला फार सफाईदार वाटतं. दुसऱ्या गाण्यापासून कंटाळा येऊ लागतो, आणि का ते सांगता येत नाही.

कारण ग्रूव्ह रेषेच्या किंचित अलीकडे-पलीकडे राहतो. अनुभवी ड्रमर स्नेअर काही मिलिसेकंद मागे ठेवतो. कानाला उशीर कळत नाही, पण गाणं रेलून बसल्यासारखं, निवांत आणि जड वाटतं. हे अंतर प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. सगळ्यांना रेषेवर आणलं की गोव्याचा ड्रमर आणि फिनलंडचा ड्रमर यांत फरक उरत नाही. याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. मेटलमध्ये गिटारचा ठोका आणि बेस ड्रम एकजीव पडावे लागतात, तिथे ढिलाई चालत नाही. व्हिनी पॉलच्या बेस ड्रमचा तो टकटकीत आवाजही मुद्दाम घडवलेला होता, म्हणजे कृत्रिमता या शैलीला पहिल्यापासून वर्ज्य नाही. म्हणून समीक्षकाने ड्रम खरे आहेत की बसवलेले एवढ्यावर निकाल देऊ नये. पाय रेषेवर आहेत आणि स्नेअर मोकळा सोडला आहे का, ते ऐकावं. ज्या बँडला हे कळलं आहे तो घरच्या संगणकावरही जिवंत अल्बम करतो.

दुसरी अडचण जोराची. अल्बमच्या शेवटच्या टप्प्याला मास्टरिंग म्हणतात. त्यात सगळा आवाज दाबून एकाच उंचीवर आणायची सवय लागली आहे, म्हणजे मोबाइलवर ऐकताना तो इतरांपेक्षा मोठा वाटतो. मेटालिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वर याच कारणाने टीका झाली. व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याची आवृत्ती अल्बमपेक्षा मोकळी वाजते हे श्रोत्यांनीच शोधून काढलं. ग्रूव्ह मेटलचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. ठोक्यांमधली शांतता हेच त्याचं भांडवल, आणि या दाबादाबीत मधली जागाच भरून जाते.

आता 'निर्मिती चांगली' या दोन शब्दांत हे सगळं कोंबलं तर वाचकाला काय कळणार?

आपल्याकडे रॉक संगीताची गंभीर समीक्षा नव्हतीच असं मात्र नाही. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक सुरू केलं. छोट्या शहरांतल्या बँडची नावं पहिल्यांदा कागदावर आली ती त्यामुळे. जानेवारी २०१२ मध्ये गोव्याच्या समुद्रात बुडून त्यांचं निधन झालं आणि भारतीय रॉकच्या जगाने आपला एक मोठा पाठीराखा गमावला. २००८ पासून 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत नियतकालिकाची भारतीय आवृत्ती आली. तिने मेटलला स्वतंत्र पुरस्कारही दिले. पण हे जग लहान आहे. लिहिणारा, वाजवणारा आणि कार्यक्रम भरवणारा एकमेकांना ओळखतात, कधी एकच माणूस तिन्ही कामं करतो. धड कौतुक नाही, धड टीका नाही अशी परीक्षणं त्यातून येतात. आपल्याच पोरांना कशाला दुखवायचं, ही भावना प्रामाणिक असते. पण पाचपैकी तीन तारे मिळालेला बँड पुढच्या अल्बमला तीच चूक करतो, कारण चूक त्याला कुणी दाखवलीच नाही. कडक परीक्षणाने बँड मोडल्याचं मी क्वचित पाहिलं आहे. कुणी नीट ऐकलंच नाही म्हणून हळूहळू विरून गेलेले बँड मात्र पुष्कळ.

गोव्यात यात आणखी भर पडते. पर्यटनाच्या हंगामात वाजवायला जागा भरपूर, पण तिथे लोकांना ओळखीची गाणी हवी असतात. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या मेटल बँडला कॉलेजचे महोत्सव आणि मोजके कार्यक्रम उरतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक, आणि तो योग्यच आहे. पण संध्याकाळी पाच बँड असले की शेवटच्याचा कार्यक्रम हमखास कापला जातो. पावसाचे चार महिने तर सगळं थंड. तारांना गंज चढतो, अ‍ॅम्पमध्ये दमट हवा शिरते. तरी माझ्या मते हाच गोव्यातल्या बँडचा खरा काळ. हॉटेलांतली कामं नसतात, मुलं घरी असतात, तालमी होतात. गाणी पावसात रचली जातात.

तेव्हा हे संगीत ऐकायचं कसं? मोबाइलच्या स्पीकरवर नको. खालचे स्वर त्यात येतच नाहीत आणि ग्रूव्ह मेटलचं अर्धं शरीर तिथेच असतं. बरा हेडफोन घ्या. पहिल्या वेळी फक्त स्नेअर धरा, हातावर टाळी देत राहा. दुसऱ्या वेळी बेस गिटारकडे लक्ष द्या. ती गिटारची नुसती सावली आहे की कुठे वेगळं बोलते? तिसऱ्या वेळी रिफ कुठे थांबतो ते बघा. ब्रेकडाऊन येतो तेव्हा, म्हणजे गाणं एकदम अर्ध्या लयीत उतरतं तेव्हा, आधीच्या भागाने त्याची तयारी केली होती का? तयारी नसेल तर ती नुसती धडक. शब्द सगळ्यात शेवटी वाचा. आणि जमलं तर एकदा प्रत्यक्ष ऐका. जो बँड संगणकाच्या आधाराशिवाय तीच झुलण मंचावर आणतो, त्याच्या अल्बममधल्या उणिवांकडे दुर्लक्ष करता येतं. जो आणू शकत नाही, त्याच्या सफाईदार अल्बमबद्दल फेरविचार करावा.

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगांवर गोव्यातली मराठी वर्तमानपत्रं लिहितात, तेव्हा प्रकाशयोजना कुठे चुकली, कुठल्या प्रवेशात गती पडली हे नावानिशी सांगतात. भजन स्पर्धेत गायक समेला क्षणभर उशिरा आला तर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची मान हलत नाही, आणि गायकालाही ते दिसतं. फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या बँडवर मराठीत तीनशे शब्द लिहायचे झाले, तर हाच कान पुरेसा आहे. चौथ्या गाण्यात स्नेअर घाईने पुढे पळतो. सहाव्यात रिफ दोन मात्रा गप्प बसतो आणि तिथे पूर्ण अल्बममधला सर्वांत चांगला क्षण आहे. गायक तिथे ओरडला नसता तर बरं झालं असतं. इतकं नेमकं कुणी लिहिलं, तर ती मुलं ते कात्रण पुढच्या तालमीला सोबत नेतील आणि सहावं गाणं पुन्हा वाजवून बघतील, या वेळी गायकाला गप्प बसवून.